आमचा कॅफे-दौरा सोमवारी निघतो

३ मार्च, सकाळ
निर्णय झाला. युरोपातली सगळी सुंदर कॉफीहाऊसेस बघायची. सगळी म्हणजे निवडक. निवड मी करणार. बुडापेस्ट, त्रिएस्ते, तोरिनो, पॅरिस आणि शेवटी लिस्बन. जन्मभर व्हिएन्नाच्या पोरांना भूगोल शिकवला, आता भूगोलानेही माझ्यासाठी काही करावं.

कल्पना रोझविताची. पण माझ्या बायकोला नुसत्या कल्पना सुचतात, त्यांना आकार मला द्यावा लागतो. काल चष्म्याच्या दुकानातून रिटायर होऊन घरी आली, निरोपाचा गुच्छसुद्धा हातातून खाली ठेवला नाही आणि म्हणाली, "ओटो, आता जाऊ या. नाहीतर राहूनच जाईल." राहून कसं जाईल? माझ्यासारखा माणूस बरोबर असताना?

मोठ्या प्रवाशांची रोजनिशी असते. म्हणून ही. कोणाला दाखवायची नाही.

सोमवारी निघायचं.

३ मार्च, दुपार
कॅफे श्टाडलबाउअरमध्ये जाऊन एंगेलबर्टला बातमी दिली. एंगेलबर्ट हा इथला हेड वेटर. अंगात काळा कोट, चेहरा मयताला आल्यासारखा. म्हटलं, काही महिने आम्ही दोघं दिसणार नाही, खिडकीजवळचं टेबल सांभाळा. तो म्हणाला, "वा वा, प्रोफेसरसाहेब. आणि निघताय कधी? याच शतकात ना?"

त्याला फार वाईट वाटलेलं दिसलं. ही माणसं भावना अशाच लपवतात.

९ मार्च, सोमवार
निघालो नाही. सूटकेसचं चाक वाजतं. एवढ्या मोठ्या दौऱ्याची सुरुवात अशी कुरकुरत करायची नसते. रोझविता म्हणाली, "चाकात तेल घाल." घालता येईल. पण कुठलं? प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

१६ मार्च, सोमवार
तेल घातलं. चाक गप्प झालं, गुडघा बोलायला लागला. डॉक्टरकडे गेलो. म्हणाला, गुडघ्याला काही झालेलं नाही, भरपूर चाला. कोवळा पोरगा आहे, अनुभव नाही.

रोझविता संध्याकाळच्या वर्गात इटालियन शिकतेय. घरभर क्रियापदं म्हणत फिरते. मी सांगितलं, कॅफेत क्रियापदं लागत नाहीत. कॉफीचं नाव घ्यायचं आणि बोट वर करायचं. ती म्हणाली, "मला कॉफी मागायची नाहीये रे, बोलायचंय." कोणाशी, ते मात्र सांगेना.

२४ मार्च
दौऱ्याची रंगीत तालीम घेतली. कालव्यापलीकडच्या एका नव्या कॅफेत एकटाच गेलो. सपशेल परका मुलूख. एकही पेपर नाही! आपल्याकडे कसे सगळे पेपर लाकडी काठ्यांना लावून ओळीने टांगलेले असतात, काठी उचलायची की दुपारचा प्रश्न मिटला. इथे पेपर नाही म्हटल्यावर माणसाने बघायचं कुठे? मी लोकांकडे बघितलं. लोकांनी माझ्याकडे बघितलं. कॉफी अर्धी टाकून उठलो.

तालीम यशस्वी. माणूस परक्या ठिकाणी किती वेळ टिकतो याचा अंदाज आला.

५ एप्रिल, ईस्टर
रोझविताने परस्पर बुडापेस्टची तिकिटं काढली. सोमवारची, पण उद्याची नाही, पुढची. मला विचारलं नाही. मी म्हटलं, अगं, नकाशाचं काम अजून व्हायचंय. ती म्हणाली, "बुडापेस्ट तिथेच आहे, ओटो. नकाशा नसला तरी असेल."

रागावलो नाही. उत्साह आहे तिला. उत्साहाला फक्त दिशा लागते.

१३ एप्रिल, सोमवार, दुपार
आज इतिहास घडायचा होता. थोडा वेगळा घडला.

स्टेशनवर वेळेत पोचलो. सामान चढवलं, खिडकीच्या जागा मिळाल्या. मग लक्षात आलं, पेपर नाही. रोझविता म्हणाली, "बस ना. बाहेर बघू. मी आहे ना बोलायला." पण पेपरशिवाय प्रवास म्हणजे मिठाशिवाय सूप. खाली उतरलो. दुकानात माझा पेपर नव्हता, दुसरा होता. घ्यावा की न घ्यावा, असा विचार करत परत आलो तर गाडी हललेली. खिडकीत रोझविता. तिने हात हलवला. मला आधी वाटलं, "थांब" म्हणतेय. आता शांतपणे विचार करता "टाटा" असावा.

लगेच फोन आला. "अरे, दुपारी आणखी गाड्या आहेत. पुढच्या गाडीने ये. मी स्टेशनवर थांबते." म्हटलं, बघतो.

माझी सूटकेस तिच्याबरोबर गेली. म्हणजे अर्धा मी बुडापेस्टला पोचल्यातच जमा.

पुढच्या गाडीने गेलो नाही. एकदा मुहूर्त चुकला की घाई करण्यात अर्थ नसतो. श्टाडलबाउअरमध्ये आलो. एंगेलबर्ट म्हणाला, "लवकर आटपला की युरोप!"

१४ एप्रिल
बुडापेस्टहून फोन. आवाज एकदम मोकळा, जरा जास्तच मोठा. छताला सोन्याची नक्षी, खांब पिळदार, केक सात थरांचा. मी मुद्द्याचं विचारलं, पेपर काठीला लावलेले आहेत का? "बघितलंच नाही रे. शेजारी एक म्हातारी बसली होती, तिच्याशी बोलत होते." कुठल्या भाषेत? "हातवाऱ्यांच्या." आणि ती खूप वेळ हसत राहिली. तिला एवढं हसताना बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. फोनमधला दोष असणार.

संध्याकाळभर विचार केला आणि सगळी योजना लख्ख दिसली. कुठल्याही मोहिमेत एक तुकडी पुढे जाते आणि मुख्यालय मागे राहतं. रोझविता पुढची तुकडी. मी मुख्यालय.

२० एप्रिल
रोझविता आज परत यायची होती. त्रिएस्तेला गेली. मुख्यालयाला न कळवता! म्हणते, "इतकी लांब आलेय, तर समुद्रपण बघते. तू थेट तिकडेच ये ना." परवानगी दिली.

घरात पाय ठरत नाही. स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून परत स्वयंपाकघरात. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, फर्निचर हलवताय का? म्हटलं, नाही, प्रवासाची सवय करतोय.

२ मे
त्रिएस्तेची हकीकत अशी. बंदरामागच्या गल्लीत एक जुनं छोटं कॅफे. मालकीण नीवेस, सत्तरीची विधवा. रोझविता तिथे रोज जायला लागली. परवा ही नीवेस पायरीवरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. आणि आमच्या बाईसाहेब काउंटरमागे जाऊन उभ्या! "दोनचार दिवस हातभार लावते रे. तिला कोणी नाहीये." मी म्हटलं, अगं, तुला कॉफी कुठे करता येते? आयुष्यभर वेटरने आणून दिलेली प्यायलीस. म्हणाली, "आता येते."

माणुसकी म्हणून ठीक आहे. दोनचार दिवस.

११ मे, सोमवार
आज त्रिएस्तेला निघणार होतो. पाऊस.

१८ मे, सोमवार
ऊन. फारच.

२६ मे
श्टाडलबाउअरमध्ये आज अस्वस्थ वाटत होतं. माझ्या खुर्चीत कसंतरी होत होतं, म्हणून उठून रोझविताच्या खुर्चीत बसलो. इतकी वर्षं समोरासमोर बसतो, पण ती खुर्ची कधी वापरली नव्हती. तिथून काय दिसतं? माझी खुर्ची. बस, एवढंच. खिडकी पाठीमागे राहते. आणि मी बसलेलो असलो, तर पेपर. सोय तशी चांगलीच म्हणायची. शेवटचं पान तिला आयतं वाचायला मिळायचं.

तरीपण फार वेळ बसवेना. परत माझ्या खुर्चीत. मग पुन्हा तिच्या. एंगेलबर्ट ट्रे घेऊन मधोमध उभा. "प्रोफेसरसाहेब, कॉफी कुठल्या स्टेशनवर उतरवू?"

९ जून
जर्दाळूचे दिवस आले. रोझविता दरवर्षी जर्दाळू आत घालून उकडीचे गोळे करते. म्हटलं, त्यात काय मोठंसं. पीठ, जर्दाळू, उकळतं पाणी. गोळे पाण्यात सोडले आणि विरघळून गेले. जर्दाळू तेवढे बुडाशी राहिले. सूप म्हणून प्यायलो. नवा पदार्थ आहे, नाव सुचत नाही.

फोन केला. मागे कपबशांचा खणखणाट, माणसांचा गलका. ती घाईत होती. "गोळे? अरे, पाणी उकळू द्यायचं नसतं, नुसतं थरथरलं पाहिजे. हां, आले आले! ओटो, तुला नाही, गिऱ्हाइकाला म्हटलं. नंतर करते." नंतर केला नाही. मीपण वाट बघितली नाही. फोन हातात होता तो सहज.

२९ जून
एक विचार आला आणि लगेच घालवून दिला. नीवेसचं मनगट एव्हाना बरं झालं असेल.

१८ जुलै, गाडीत
निघालो! कोणाला न सांगता, सोमवार नसताना. बेत पक्का आहे. आज पोचायचं, तिला चकित करायचं, उद्या दोघांनी परतीच्या गाडीत बसायचं. तोरिनो, पॅरिस, लिस्बन पुढच्या वर्षी.

सेमरिंगच्या घाटात समोरच्या माणसाला डोंगर कसे तयार झाले ते समजावून सांगितलं. पुढच्या स्टेशनवर तो दुसऱ्या डब्यात गेला. पेपर दोनदा वाचून झाला. बाहेर बघत बसलो. पुठ्ठ्यासारखा लागणारा चीजचा सँडविच खाल्ला.

१८ जुलै, संध्याकाळ, त्रिएस्ते
सगळं सविस्तर लिहितो.

कॅफे सापडलं. लांबट, अंधारी खोली, पितळेचं काउंटर, चारपाच टेबलं. सगळी माणसं उभ्याउभ्या कॉफी पितात, दोन घोटांत संपवतात आणि मग तासभर बोलत राहतात. काउंटरमागे रोझविता. केस कापलेत. हिरवा एप्रन. एका हाताने कप ठेवत होती, दुसऱ्याने कोणालातरी दटावत होती, तेही इटालियनमध्ये. मी दारातच उभा राहिलो. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "बोला, काय देऊ?" ओळखलंच नाही! म्हणजे, गिऱ्हाइकाकडे बघून हसतात तसं हसली. डोळ्यांवर ऊन आलं होतं तिच्या. मग, "अगं बाई! ओटो!" आणि काउंटरमागून धावत आली, भर कॅफेत गळ्यात पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फार अवघडलो.

कापुचिनो मागितला, तर भातुकलीतला कप आला. इथे त्यालाच कापुचिनो म्हणतात म्हणे. भूगोलाच्या पुस्तकात असल्या गोष्टी नसतात.

नीवेसबाई टेबलापाशी आल्या. मनगट ठणठणीत. जर्मन चांगलं बोलतात. मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि रोझविताला ओरडून विचारलं, "रोझी, हेच का गं तुझे पुढच्या गाडीने येणारे?" पुन्हा सगळे हसले. रोझवितासुद्धा. नंतर तिने माझा हात दाबला.

कॅफे बंद झाल्यावर आम्ही बंदरावर जाऊन बसलो. ती म्हणाली, "ओटो, मी इथेच राहायचं म्हणतेय. काउंटर मला द्यायला नीवेस तयार आहे. वर खोली आहे, दोघांना पुरेल. तू पण राहा." मी बंदरातल्या बोटी मोजल्या. ती म्हणाली, "काहीतरी बोल रे. तुझ्या हातात पेपर नाहीये आज." म्हणून बोललो. सेमरिंगच्या बोगद्यांबद्दल बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तू? तू कसा आहेस?"

प्रश्न अचानक आला. तयारी नव्हती. गुडघा बरा आहे म्हटलं.

तिने माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "एक आठवडा राहा. नाही आवडलं तर जा. पण एक आठवडा खरंच राहा."

राहणार! ठरलं. माणसाने बदलायला हवं. उद्यापासून सकाळी लवकर उठून कपबशा विसळायच्या, इटालियन शिकायचं, उभं राहून कॉफी प्यायची.

१९ जुलै, दुपार
कपबशा विसळल्या. एक फुटली, पण ती आधीच तडकलेली असावी. एका कोळ्याने माझ्याशी गप्पा मारायला सुरुवात केली. ओळख ना पाळख! मी "हो" म्हणालो. तर तो आणखी बोलला. खोलीत गेलो, तर खिडकीतून समुद्र दिसतो. दिवसभर हलत असतो. नजर एका जागी ठरत नाही.

२० जुलै, सोमवार, परतीच्या गाडीत
निघावं लागलं. व्हिएन्नात कामं आहेत. घराला कुलूप, खिडकीतली झाडं, शिवाय टेबल. एवढा मोठा निर्णय एका जागी बसून घ्यायला हवा आणि तिथे कोणी बसतच नाही.

रोझविता म्हणाली, "समुद्र हलतो म्हणून चाललास?" म्हटलं, तसं नाही गं. "मग कसं?" मी कारणं सांगितली. सगळी योग्य होती. तिने एकही खोडून काढलं नाही. स्टेशनवर आली. माझी कॉलर सरळ केली. म्हणाली, "मला वाटलं होतं..." आणि घड्याळाकडे बघितलं. गाडी सुटेपर्यंत थांबता आलं नाही तिला, दुपारचं गिऱ्हाईक असतं.

हा जास्तीत जास्त उन्हाळ्याचा प्रश्न आहे. हिवाळ्यात बंदरावर कोण राहतं?

२१ जुलै
श्टाडलबाउअर. एंगेलबर्टने विचारलं, "दौरा कसा झाला?" म्हटलं, पूर्ण झाला. "आणि बाईसाहेब?" त्या पुढे आहेत, म्हटलं. त्याने मान हलवली, कॉफी ठेवली, बरोबरच्या पाण्याच्या ग्लासावरचा चमचा सरळ केला. टोमणा मारला नाही. म्हातारा होत चाललाय.

१४ सप्टेंबर
फोन. लाइन फारच खराब होती. हवापाणी, नीवेसबाईंची तब्येत, काउंटरला नवी पितळ लावली, हे सगळं स्वच्छ ऐकू आलं. एकच वाक्य नीट कळलं नाही, त्यात "परत" असा काहीतरी शब्द होता. ते तिने तीन वेळा सांगितलं. शेवटी म्हणाली, "ओटो, ऐकतोयस ना?" म्हटलं, हो. "मग काहीतरी बोल." म्हटलं, इथे थंडी पडायला लागलीय.

मी रडत नव्हतो. नाही, तीसुद्धा नाही.

१९ ऑक्टोबर
रोझविताचा फोन. त्रिएस्तेला बोरा सुटलाय. म्हणजे डोंगरावरून येणारा असा वारा, की माणसं दोरीला धरून चालतात. तिला कपाटातला निळा लोकरीचा कोट हवाय. एवढंच मागितलं.

मला लगेच अर्थ कळला. कोट मागवायचा म्हणजे मला बोलवायचं! सरळ कसं म्हणेल, मानी आहे ती. आपण स्वतः कोट घेऊन जायचं. या वेळी पेपर घ्यायचा नाही. बंदरावर बसायचं, आणि "तू कसा आहेस" म्हणाली की उत्तर द्यायचं. उत्तर काय द्यायचं ते आत्ताच ठरवून ठेवावं लागेल.

तिकीट काढलं. सोमवारचं.

२३ ऑक्टोबर
कोट बाहेर काढला. झटकला. ब्रश केला. खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला. घरात कोणी बसल्यासारखं वाटतं. जेवताना सरावासाठी त्याच्याशी थोडं बोलून बघितलं. पहिलं वाक्य जमलं. दुसऱ्यात सेमरिंगचे बोगदे आले.

२६ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ
आज ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन. गाड्यांना गर्दी असणार. कोटाला सुरकुत्या पडतील.

२ नोव्हेंबर
पोस्टात गेलो. कोट नीट घडी घालून खोक्यात भरला होता. वर चिठ्ठी टाकावी म्हणून तासभर बसलो होतो. सुचलं नाही, मग नाही टाकली. खिडकीमागच्या बाईंनी खोकं वजनाला ठेवलं आणि विचारलं, "आत काही फुटण्यासारखं आहे का?"

नाही म्हटलं.